चाळीसच्या फोर्डला पाचवा गिअर

आमच्याकडे १९४० सालची फोर्ड कूपे आहे आणि आम्ही राहतो डेट्रॉईटजवळ. हायवेवर वेगमर्यादा ताशी ७० मैल. गाडी सत्तरनं धावते, पण त्या वेगाला तिच्यात बसून राहणं म्हणजे इंजिनाचा छळ उघड्या कानांनी ऐकणं. खिडकीच्या काचा थरथरतात, तेलाचा वास येतो, पाण्याच्या तापमानाचा काटा सरकत जातो आणि शेजारून एखादी मिनीव्हॅन ढिम्म शांतपणे पुढे निघून जाते.

हिशेब सोपा आहे. मागचे टायर २८ इंच उंचीचे. या उंचीच्या टायरला वेग गुणिले डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरांचं) गुणोत्तर गुणिले बारा केलं की इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. माझ्या गाडीचं गुणोत्तर ३.७८, टॉप गिअर सरळ एकास एक. सत्तर मैलांना झाले ३,१७५ फेरे. आजच्या गाडीला हा आकडा किरकोळ आहे. पण या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका वेळची धाव, पावणेचार इंच, म्हणजे ९५ मिलिमीटरच्या वर. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला दहा मीटर होतो. याची कमाल ताकद ३,८०० फेऱ्यांना मिळते, आणि आपण त्याला तासन्‌तास त्याच्या जवळपास दामटत राहतो. गाडी बनवणाऱ्यांना दोष देता येत नाही. अमेरिकेतले आजचे सलग महामार्ग ज्या कायद्यानं उभे राहिले तो आला १९५६ मध्ये. चाळीस साली पंचेचाळीस-पन्नास मैलांनी जाणारा माणूस घाईत आहे असंच समजत.

इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप त्याच्या स्वभावाभोवती फिरतो. फोर्डनं १९३२ मध्ये व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची चैन होती. याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्येच, त्यामुळे हेड म्हणजे चपटं झाकण, आणि म्हणून नाव फ्लॅटहेड. अमेरिकेत १९५३ पर्यंत ते गाड्यांमध्ये बसत राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीतून बाहेर पडलेल्या फोर्ड ट्रकांमध्ये हेच इंजिन असे. माझ्या वडिलांनी लहानपणी कोल्हापुरात त्याचा आवाज ऐकलाय आणि फोनवर तो ते तोंडानं काढूनही दाखवतात. याचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या मधून बाहेर पडतो. एका बाजूला चार सिलिंडर, पण बाहेर पडायची भोकं तीनच. मधल्या दोघांचं एकत्र कुटुंब. दोन-दोन वॉटरपंप असूनही हे इंजिन तापतं ते या रचनेमुळे. मात्र खालच्या फेऱ्यांना ओढतं झकास. २,००० फेऱ्यांच्या आसपास १८० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. तिथं ते खूश असतं.

म्हणजे हवं काय? सत्तर मैलांना इंजिन दोन हजारांच्या आसपास राहावं. त्यासाठी ओव्हरड्राइव्ह लागतो: इंजिनाचा एक फेरा होईतो प्रोपेलर शाफ्टचा एकापेक्षा जास्त फेरा व्हायला हवा.

ही कल्पना जुनीच आहे. तीसच्या दशकात फोर्डला जोडायला कोलंबिया नावाची दोन वेगांची रिअर ॲक्सल मिळायची. व्हॅक्यूमवर चालायची आणि इंजिनाचे फेरे सुमारे २८ टक्क्यांनी कमी करायची. ती आज मिळते तेव्हा तिची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. शिवाय तिनं पुढच्या पेटीचा, म्हणजे गिअरबॉक्सचा, प्रश्न सुटत नाही. जुनी तीन गिअरची पेटी, पहिल्याला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवून देणारी कडी) नाही. सिग्नलला गाडी सरपटत असताना पहिला टाकायला जावं तर दाते बोंबलतात. म्हणून बहुतेक हॉट रॉडवाले (जुन्या गाड्यांत नवे भाग बसवून त्या पळवणारे) गेली कित्येक वर्षं करत आलेत तेच मी ठरवलं: पाच गिअरची टी-५ पेटी.

टी-५ ही बोर्ग-वॉर्नरची पेटी, १९८२ पासूनची. पुढे १९९६ मध्ये हा व्यवसाय ट्रेमेककडे गेला. फोर्ड मस्टँग, शेव्हरोलेची कॅमेरो आणि एस-१० नावाचा छोटा पिकअप, अशा कितीतरी गाड्यांत ती बसली. वजन चौतीस किलोच्या आसपास, बॉडी ॲल्युमिनियमची, पुढच्या पाचही गिअरना सिंक्रो. दिसायला सगळ्या बहिणी सारख्या, पण जुन्या फोर्डला चालते ती बहुधा एस-१० पिकअपवाली. कारण गिअर लिव्हर. मस्टँगच्या पेटीचा लिव्हर इतका मागे येतो की चाळीसच्या कूपेत तो सीटच्या पुठ्ठ्यातून वर येईल. कॅमेरोची पेटी मुळातच तिरकी बसवलेली असते, लिव्हर कलतो. एस-१० चा लिव्हर मात्र बराच पुढे येतो.

मला पेटी मिळाली भंगारवाल्याकडं. टेलहाउसिंगच्या, म्हणजे पेटीच्या मागच्या कवचाच्या, बोल्टखाली एक पत्र्याची चिठ्ठी असते, तिच्यावरच्या क्रमांकावरून गुणोत्तरं कळतात. माझ्या पेटीवरची चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती. पण त्यावाचून काही अडत नाही. पुढच्या शाफ्टला आणि मागच्या शाफ्टला खडूनं खूण केली, पहिला गिअर टाकला आणि मागचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत पुढचा हातानं फिरवत राहिले. चार फेरे आणि वर अगदी नखभर. म्हणजे ४.०३ वाली. पाचव्यात पाऊण फेरा आणि किंचित: ०.७६. मग पेटीचं तोंड पाहिलं. खालच्या काउंटरशाफ्टच्या (पेटीतल्या दुसऱ्या, जोड-शाफ्टच्या) समोर बेअरिंगची पोलादी गोल कडी दिसली तर ती नंतरची, सुधारलेली आवृत्ती, जिला इथं 'वर्ल्ड क्लास' म्हणतात. नुसती सपाट टोपी दिसली तर आधीची. माझी टोपीवाली. फ्लॅटहेडच्या १८० पाउंड-फुटांना ती पुरून उरते.

आता पहिला गिअर ४.०३ असणं ही गंमत नाही. मूळ पिकअपचं इंजिन लहान होतं, त्याला गाडी हलवायला एवढा जड गिअर लागायचा. फ्लॅटहेडला लागत नाही. मागे ३.७८ तसंच ठेवलं तर पहिला गिअर चौक ओलांडायच्या आत संपतो. म्हणून पेटी ठरली की मागची ॲक्सल ठरवावी लागते. आणि ती तशीही बदलावीच लागणार होती.

याचं कारण टॉर्क ट्यूब. आपल्याकडच्या जीपमध्ये किंवा ॲम्बॅसिडरमध्ये प्रोपेलर शाफ्ट उघडा फिरताना दिसतो. १९४८ पर्यंतच्या फोर्डमध्ये तो एका जाड नळीच्या आत असे, आणि ती नळी मागे ॲक्सलला, पुढे थेट गिअरबॉक्सला जोडलेली. नळीचं काम नुसतं शाफ्ट झाकण्याचं नव्हतं. मागची चाकं रस्त्याला मागं रेटतात तेव्हा गाडीला पुढं ढकलणारा सगळा जोर या नळीतून गिअरबॉक्सवर आणि तिथून चासीवर येतो. ॲक्सलनं स्वतःभोवती उलटं फिरू नये, हेही तीच सांभाळते. मागे पाटे आहेत, पण एकच जुडगा, तोही आडवा. त्याच्यानं फक्त वजन पेलतं. टी-५ ला अशी नळी जोडायची सोय नाही. नळी काढली की ॲक्सलला धरून ठेवणारं कोणी उरत नाही. तेव्हा नवी उघडी ॲक्सल, तिला दोन्ही बाजूंनी लांबीच्या दिशेचे पाटे, त्यांना चासीवर नवी ठाणी. एका पेटीपायी अर्धी गाडी उलगडते ती अशी. 'गिअरबॉक्स बदलतेय' असं मी घरी सांगितलं होतं. गॅरेजच्या दारात मागची ॲक्सल, टाकी, सीट आणि फ्लोअरबोर्ड एका रांगेत पाहून नवऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, ''आणि गिअरबॉक्स कुठंय?''

ॲक्सल घेतली फोर्डचीच, सत्तरच्या दशकातल्या मॅव्हरिकची, आठ इंची क्राउनवाली (क्राउन म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक; त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन). रुंदी साडेछप्पन इंच, जुन्या फोर्डच्या मडगार्डांत बसते. हिचा डिफरन्शियलचा गोळा समोरून अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे गुणोत्तर बदलायचं झालं तर ॲक्सल उतरवायला नको. कंपनीकडून यायची ती गुणोत्तरं मुख्यतः २.७९, ३.०० आणि ३.२५. बाहेरून ३.५५ चीही क्राउन-पिनियन मिळते. कुठलं घ्यायचं यावर आमच्या शेजारच्या आजोबांशी माझा भरपूर वाद झाला. ते निवृत्त टूलमेकर, ऐंशीच्या घरातले, स्वतःची दोन फ्लॅटहेड बांधलेले. मला ३.०० हवं होतं: पहिला गिअर माणसात येतो आणि सत्तरला पाचव्यात जेमतेम १,९१५ फेरे. आजोबा म्हणाले, कागदावर छान आहे, पण समोरून वारा आला की तू चौथ्यात. त्यांचं म्हणणं ३.५५. त्यात सत्तरला २,२६६, पण पहिला गिअर असा की टाकेपर्यंत दुसरा मागतो.

३.२५ ठरलं. सत्तरला २,०७५ फेरे, बरोबर टॉर्कच्या टेकडीवर. पिस्टनचा वेग दहा मीटरवरून साडेसहापर्यंत खाली. तडजोड आहे हे मान्य, पण मी अजूनही म्हणेन की ज्याच्याकडे ही ४.०३ वाली पेटी आहे त्यानं ३.५५ च्या वाटेला जाऊ नये. आणि हॉट रॉडवाल्यांत 'जितके कमी फेरे तितकं चांगलं' असं एक खूळ आहे, त्याच्याही नादी लागू नये. दीड हजाराच्या खाली या इंजिनाला चढावर ओढायला लावलं की ते कण्हतं, तापतं आणि बेअरिंगांवर मार बसतो. फेरे कमी करणं वेगळं, इंजिनाला घुसमटवणं वेगळं.

आता जोडणी. माझं इंजिन गाडीच्या जन्माचं नाही. बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) माथ्यावर ५९ए असे ओतीव आकडे आहेत, म्हणजे युद्धानंतरच्या मालिकेतलं. १९४८ पर्यंतच्या फ्लॅटहेडांत बेलहाउसिंगचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्येच ओतलेला असतो. तो बदलता येत नाही. १९४९ पासूनच्या गाड्यांच्या इंजिनाची पाठ सपाट, बेलहाउसिंग सुटं. तसं इंजिन असेल तर काम निम्मं हलकं. माझ्यासारख्यांना ब्लॉकच्या मागच्या तोंडावर एक जाड ॲल्युमिनियमचं ॲडॉप्टर बसवावं लागतं. त्याच्या पुढच्या अंगाला जुन्या फोर्डची भोकं, मागच्या अंगाला टी-५ ची.

ॲडॉप्टर आलं, बोल्ट बसले, पेटीही टेकली. बरेच जण इथंच क्लच आवळून पुढे जातात. माझ्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. फोनवर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

''डायल लावलास का गं?''

''लावणार आहे, बाबा.''

''गिअरबॉक्स काय, कुठलाबी बसतोय. सेंटर जुळलं पायजे. न्हाईतर वर्षभरात बेअरिंग खाऊन टाकंल आणि तू म्हणशील पेटी भंगार हुती.''

गोष्ट अशी की पेटीचा पुढचा शाफ्ट दोन ठिकाणी टेकतो: पेटीतल्या बेअरिंगवर आणि इंजिनाच्या मागच्या जड चाकामधल्या, म्हणजे फ्लायव्हीलमधल्या, छोट्या पायलट बेअरिंगवर. या दोघांची मध्यरेषा एक नसेल तर शाफ्ट दर फेऱ्याला वाकायला बघतो. क्लच नीट सुटत नाही, गिअर आपोआप निसटतो, पायलट घासून जातं. टी-५ ला चालणारी चूक डायलवर (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर) एकूण पाच थाउ, म्हणजे इंचाचे पाच हजारांश. कागदाच्या जाडीहून फार वेगळं नाही.

मोजायचं असं. सगळे स्पार्क प्लग काढले म्हणजे इंजिन हातानं अलगद फिरतं. फ्लॅटहेडचे प्लग वर झाकणातच, काढायला सुख. डायलची चुंबकाची बैठक फ्लायव्हीलवर बसवली, सुई ॲडॉप्टरच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवली, काटा शून्यावर आणला. मग पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन सावकाश फिरवायचं आणि आरशात काट्याकडं बघत राहायचं, कारण डोकं तिथं जात नाही. पाव फेऱ्याला काटा नऊवर गेला, अर्ध्याला अठरावर, मग परतीला लागला. एकूण अठरा थाउ. मध्यबिंदू नऊ थाउनं खाली. बनवणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं की हे 'मर्यादेत' आहे. कुणाच्या मर्यादेत, ते विचारायच्या आत फोन ठेवला गेला.

बोल्टांची भोकं बोल्टांपेक्षा जराशी मोठी असतात, तीच आपली जागा. बोल्ट हलकेच आवळून ठेवले, खालून लाकडी ठोकळा लावून हातोडीनं टुक केलं, पुन्हा फिरवलं. अकरा. पुन्हा टुक. चौदा. हा खेळ संध्याकाळ खातो. शेवटी तीन थाउवर आलं आणि तिथंच थांबलं. ॲडॉप्टरच्या मागच्या सपाट तोंडावरही सुई फिरवून घेतली, कारण मध्य जुळूनही तोंड तिरकं असू शकतं. मग आजोबांनी त्याच जागी ब्लॉक आणि ॲडॉप्टर यांना एकत्र दोन भोकं पाडली, रीमर फिरवला, आणि डॉवेल पिना ठोकल्या. आता पेटी किती वेळा उतरवली-चढवली तरी ॲडॉप्टर त्याच ठिकाणी बसणार. वडिलांना फोटो पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे शाबासकीच.

पायलटचं काम छोटं, पण नखरेल. जुन्या फोर्डच्या शाफ्टचं टोक वेगळ्या मापाचं, शेव्हरोलेवाल्याचं ०.५९० इंच, म्हणजे जवळजवळ पंधरा मिलिमीटर. आजोबांच्या तळघरात साउथ बेंड कंपनीचा जुना लेथ आहे. त्यावर ब्राँझचं बुश काढलं: बाहेरून फ्लायव्हीलच्या खाचेत दाबून बसेल असं, आतून शाफ्टला दीड-दोन थाउ मोकळं. क्लचप्लेटही संकरित. प्रेशर प्लेट जुन्या फोर्डची, प्लेट दहा इंची, पण तिच्या मधला गाभा एक इंची चौदा दात्यांचा, कारण एस-१० च्या शाफ्टला तेवढेच दाते. जुन्या फोर्डच्या शाफ्टला दहा दाते आणि जाडी एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच. जुनी प्लेट नव्या शाफ्टवर नुसती लटकेल.

पेटी कायमची चढवण्याआधी एक गोष्ट बघायलाच हवी. शाफ्टचं टोक पायलटमध्ये पुरेसं शिरतं का, आणि शिरून आत क्रँकला (इंजिनाच्या मुख्य शाफ्टला) तर टेकत नाही ना? टेकलं तर बोल्ट आवळताना क्रँक पुढं रेटला जातो आणि थ्रस्ट बेअरिंग संपतं. मुलीच्या खेळण्यातला मातीचा गोळा पायलटच्या मागे खोल दाबला, पेटी चढवली, चार बोल्ट आवळले, पुन्हा उतरवली. मातीवर शाफ्टच्या टोकाचा गोल ठसा. सुरी खुपसून उरलेली जाडी मोजली, अडीच मिलिमीटर. चालेल.

चासीचं काम मी थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेक ग्राइंडर आणि वेल्डिंगच आहे. चाळीसच्या फोर्डच्या चासीत मध्ये इंग्रजी एक्ससारखा आडवातिडवा सांगाडा असतो आणि पेटी नेमकी त्याच्या मध्यात येते. टी-५ ची शेपटी लांब, म्हणून तिथला थोडा भाग कापून आतून पट्ट्या वेल्ड करून जोर परत आणावा लागला. पेटीखाली बोल्टनं सुटणारी नवी आडवी पट्टी, वर रबर. आधी पूर्ण गाडी चाकांवर, मग कापाकापी; उचललेल्या चासीला कापलं तर ती जशी वाकते तशीच वेल्ड होते.

प्रोपेलर शाफ्ट मात्र घाईचं काम नाही. इंजिन मागच्या बाजूला तीन अंश खाली झुकलेलं. मागच्या पिनियनला तोच कोन उलट दिशेनं द्यायचा, म्हणजे पेटीचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर राहतात. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढाच उलटा फिरला तर हिशेब मिटतो, नाहीतर पन्नास मैलांना सीटखाली गुरगुर सुरू. पाट्यांच्या ठाण्यावर पाचरी घालून कोन जुळवला, तोही टाकीत पेट्रोल भरून आणि सीटवर नवऱ्याला बसवून, कारण पाटे दबले की कोन बदलतो. पेटीकडचा योक, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा जोडतुकडा, शेव्हरोलेचा सत्तावीस दात्यांचा, मागचा फोर्डचा, म्हणून मधे दोन मापांचा क्रॉस. योक पूर्ण आत ढकलून मग दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर ओढून लांबी घेतली. ते माप घेऊन शाफ्टवाल्याकडं गेले आणि बॅलन्स करून आणला.

तेलावर इथं दोन तट आहेत. माझ्या टोपीवाल्या पेटीत सिंक्रोच्या कड्या पितळी, म्हणून जीएल-४ दर्जाचं ८०-९० गिअर ऑइल घातलं, पावणेतीन लिटरच्या आसपास. जीएल-५ मधली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत. नंतरच्या 'वर्ल्ड क्लास' पेट्यांना ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं. तिथं जाड तेल घातलं तर थंडीत सिंक्रो रुसतात.

पहिल्या फेरीला आजोबा शेजारी बसले. गिअर टाकताना त्यांचा हात सवयीनं जुन्या स्टिअरिंगवरच्या लिव्हरकडं जात होता. पहिला गिअर खरंच लगेच संपतो, वीस मैलांच्या आतच. सपाट रस्त्यावर मी आता दुसऱ्यातच निघते; इंजिन कुरकुर करत नाही. आय-७५ महामार्गाला लागलो, चौथ्यात साठ, मग पाचवा. इंजिनाचा आवाज एकदम खाली उतरला आणि त्याखालून इतकी वर्षं झाकलेले आवाज वर आले: दाराच्या रबराची शिटी, टायरांची घरघर, डॅशबोर्डमागे कुठंतरी सुटलेला स्क्रू. आजोबा खिशातून पेचकस काढून तो स्क्रू शोधायला लागले. सत्तरला पाण्याचा काटा आता मध्याच्या खाली राहतो. तेलाचं प्रेशर पूर्वीपेक्षा कमी दिसतं, पण फेरेच कमी असल्यावर ते तसंच दिसणार; गरम इंजिनात दोन हजाराला जेवढं हवं तेवढं आहे.

आमचा नियम एकच: पंचावन्नच्या खाली पाचवा टाकायचा नाही. पंचावन्नला १,६३० फेरे होतात, त्याच्या खाली या इंजिनाला त्यात सुख नाही. याचा एक विनोदी परिणाम असा की ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जी प्रचंड मिरवणूक निघते, १९९५ पासून जवळजवळ दरवर्षी, तिच्यात हा पाचवा गिअर एकदाही लागत नाही. तिथं दुसऱ्यातून वर जायला मिळालं तरी नशीब. लोक बॉनेट उघडायला सांगतात, आतली दोन कार्ब्युरेटर बघतात, खूश होऊन जातात. ज्या पेटीनं अख्खा हिवाळा खाल्ला ती कुणाला दिसतही नाही.

जाणकारांना मात्र ती कळते, आणि त्यांतल्या काहींना ती खुपते. जुन्या हॉट रॉडला जुन्याच वस्तू हव्यात असा त्यांचा आग्रह. मला तो पटत नाही. तीसच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर ज्या पोरांनी या गाड्या पळवायला सुरुवात केली, ती भंगारातून मिळेल ते उचलून बसवत होती. लिंकन झेफिर गाडीचे गिअर, जे नवं आणि स्वस्त असेल ते. टी-५ तेव्हा असती तर त्यांनी ती पहिल्या आठवड्यात बसवली असती. मात्र एखादी गाडी कंपनीतून आली तशीच्या तशी, हात न लागलेली तुमच्याकडे असेल, तर टॉर्क ट्यूब कापायच्या आधी दहादा विचार करा. माझ्या कूपेच्या चासीला माझ्या आधीच तिघांनी वेल्डिंग केलं होतं, म्हणून मला संकोच नव्हता. ब्लॉकमध्ये दोन डॉवेलची भोकं सोडली तर इंजिनाला धक्का लागलेला नाही. जुनी पेटी तेल भरून, तोंडं बंद करून फळीवर ठेवली आहे.

एक गोष्ट अजून राहिली आहे, स्पीडोमीटर. पेटीतल्या प्लास्टिकच्या छोट्या गिअरचे दाते आणि मागचं गुणोत्तर यांचा मेळ बसत नाही; काटा साठ दाखवतो तेव्हा फोनवर पासष्ट असतात. जास्त दात्यांचा लावला की काटा आणखी मागं पडेल, कमी दात्यांचा लागेल. तो मागवलाय. तो बसवताना पहिलं तेलही बदलायचं आहे. त्यात सोनेरी भुकटी दिसली तर घाबरू नका, नव्यानं चालू झालेल्या पितळी कड्या थोड्या घासतातच. पोलादाचे चमचमते कण दिसले तर मात्र पेटी खाली उतरवा आणि आधी डायल लावा.